फ्रेटलेस बेसला फ्लॅटवाउंड तारा : आवाज किती गडद हवा?

खर्जवाला
फ्रेटलेस बेसला, म्हणजे मानेवर स्वरांच्या धातूच्या पट्ट्या (फ्रेट) नसलेल्या बेस गिटारला, कुठल्या तारा लावाव्यात, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेचं वेष्टन असलेल्या, कारण फ्रेटलेसचा गाजलेला वादक जॅको पास्टोरियस त्याच लावायचा. मला हे पटत नाही. भावगीत-अभंगाच्या साथीला, तबला-पखवाजाबरोबर वाजवायचं असेल तर फ्लॅटवाउंडच लावाव्यात, आणि त्यातल्याही सगळ्यात गडद.

कारण डग्गा. त्याचा घुमारा आणि बेस दोघंही खालच्याच पट्ट्यात बोलतात. तबलजी मनगट दाबून घुमारा वर चढवत असतो आणि त्याच क्षणी बेसची तार झगझगीत आवाजात रेंगाळत राहिली, की दोघांचंही काही कळत नाही. फ्लॅटवाउंडचा स्वर ठसठशीत लागतो आणि लवकर मावळतो, डग्ग्याला जागा मिळते. शिवाय या तारांचं वरचं वेष्टन गोल तारेचं नसून सपाट पट्टीचं असतं, त्यामुळे गायिका मंद्रात हळू गात असताना बोट सरकल्याची खरखर अँपमधून येत नाही.

माझी पसंती ला बेलाच्या 'डीप टॉकिन बेस' या ४५-१०५च्या (तारांची जाडी, इंचाच्या हजारांशात) संचाला. स्टेनलेस स्टीलच्या, हाताला चांगल्याच ताठ लागणाऱ्या तारा. नव्या असताना थोडी चकाकी असते, वाजवून वाजवून ती उतरते आणि मग आवाज वर्षानुवर्षं टिकतो. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत बेसवादक जेम्स जेमरसन ला बेलाच्याच, याहून जाड फ्लॅटवाउंड वाजवायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. त्याचा बेस फ्रेटचा होता हे मान्य, पण गाण्याखाली बेसनं कसं बसावं हे त्याच्याकडूनच शिकावं.

मींडवेडा
डग्ग्याचा मुद्दा रास्त आहे. पण मग फ्रेट काढायचे तरी कशाला? फ्रेटलेसचा जीव त्याच्या 'म्वाऽऽ'मध्ये आहे. तार बोर्डाला (बोटं ठेवायच्या पट्टीला) हलकेच घासत थरथरते आणि वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे सूर, एकामागून एक फुलत जातात. तंबोऱ्यात हेच काम जवारी करते. मिरजेतला कारागीर घोडीचा माथा घासत बसतो तो त्या स्वरांशांसाठीच. फ्रेटलेसला जाड, ताठ फ्लॅटवाउंड लावणं म्हणजे जवारी पार बंद करून टाकणं.

दुसरं, सुराचं काय? मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास येतो. मोबाइलचा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. ऐकणारा वरच्या स्वरांशांवरूनच सूर ओळखतो, आणि ते कापले तर त्याच्यापर्यंत नुसता हुंकार पोचणार. स्टेजवर वाजवणाऱ्याचीही तीच अडचण. फ्रेट नाहीत, म्हणजे प्रत्येक स्वर कानानं जागेवर बसवायचा, आणि कानाला धरायला नेमकं काहीच नाही.

गडदच हवा असेल तर टोनचा नॉब आहे ना. चकचकीत तार नॉब फिरवून गडद करता येते. तारेतच जी चकाकी नाही ती कुठला नॉब आणणार?

शिसवप्रेमी
जॅकोचं नाव निघालंच आहे तर पूर्ण गोष्ट सांगायला हवी. १९६२च्या त्याच्या फ्रेट काढलेल्या फेंडर जॅझ बेसच्या बोर्डावर बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचा कडक थर होता. रोटोसाउंडच्या स्टीलच्या राउंडवाउंड त्या थरावर फिरायच्या, लाकडावर नव्हे. आपल्यातल्या बहुतेकांच्या बेसला उघड्या शिसवीचा बोर्ड असतो. त्यावर राउंडवाउंड लावून मींड घेत बसा, तारेखाली चरे पडलेले दिसतील. तिरक्या उजेडात बोर्ड धरून बघा, सगळ्यात जास्त वाजणाऱ्या जागा आधी झिजतात.

आणि फ्लॅट म्हटलं की सगळ्या गडद, असंही नाही. डाडारिओच्या क्रोम्स बऱ्यापैकी उजळ बोलतात. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्डच्या जॅझ फ्लॅट्स निकेलच्या, ४३-१००च्या, ताण कमी. मऊ असल्यामुळे त्या बोर्डाजवळ मोकळ्या थरथरतात आणि मधला पट्टा छान गातो. 'म्वाऽऽ' त्यांच्यावरही निघतो, फक्त अ‍ॅक्शन म्हणजे तारेची बोर्डापासूनची उंची अगदी खाली नेता येत नाही, नाहीतर तार फडफडते. ला बेलाच्या जाड संचावर जाणार असाल तर नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा तपासा आणि ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई) बघून घ्या.

खर्जवाला
मींडवेडा, नॉबबद्दल बोलतो. नॉब वरच्या कंपनसंख्या कापतो, पण तार किती वेळ वाजत राहील हे त्याच्या हातात नसतं. राउंडवाउंडचा टोन शून्यावर आणला तरी स्वराची शेपटी तेवढीच लांब राहते, फक्त ती अंधारात वाजते. माझी अडचण त्या शेपटीचीच आहे.

आणि जवारी म्हणाल, तर साथीला तंबोरा असतोच. तो स्वरांशांनी सगळी जागा भरून टाकत असताना बेसनंही तेच भरायचं कशाला? फ्रेटलेस म्हणजे 'म्वाऽऽ' हे समीकरण जॅकोच्या १९७६च्या पहिल्या अल्बमनंतर घट्ट झालं. त्याच्या दहा वर्षं आधी, १९६६ साली अँपेगनं फ्रेटलेस बेस बाजारात आणला होता, आणि फेंडरचा फ्रेटलेस प्रिसिजन १९७०चा. मला फ्रेट नकोत ते कोमल स्वर गायकाच्या जागेवर लावता यावेत म्हणून. त्या कामाला गडद तार कुठेही आड येत नाही.

मोबाइलवर बेस ऐकू येत नाही हे मात्र खरं. ध्वनिमुद्रणात मी मधला पट्टा थोडा वर काढतो.

मींडवेडा
शेपटीचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी मानतो. पण कोमल स्वर गायकाच्या जागेवर लागला की नाही हे ऐकू यायला स्वरांश लागतातच, तिथे मी हटणार नाही. मारव्यातला कोमल रिषभ गडद तारेवर लावून बघा : बोट केसभर वर-खाली झालं तरी तुम्हाला स्वतःला कळणार नाही, आणि गायिकेला मात्र ते खुपत राहील. उजवा हात ब्रिजकडे (घोडीकडे) नेला की थोडी स्पष्टता येते, जॅकोही तिथेच वाजवायचा, पण ताठ तारेवर तिथून कोरडा ठोकाच जास्त मिळतो.

शिसवप्रेमींनी सांगितलेल्या जॅझ फ्लॅट्स मागवतो. ला बेला माझ्या बेसला लागणार नाहीत.