टोरांटो, रॉटरडॅम आणि नाशिक: मीटिंगची वेळ कुणाच्या घड्याळाने ठरवायची?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आमचं द्राक्ष निर्यातीचं छोटं ऑफिस आहे, नाशिकला. दर सोमवारी रॉटरडॅम आणि टोरांटोच्या खरेदीदारांसोबत एकत्र व्हिडिओ कॉल असतो. हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहा ठरलेले. तेव्हा रॉटरडॅमला दुपारचे २, टोरांटोला सकाळचे ८.

घोळ होतो मार्चमध्ये, नेमका ऐन सीझनला. कॅनडात घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे सगळी गणितं चुकतात. यंदा टोरांटोवाले त्यांच्या आठला, म्हणजे आपल्या साडेपाचला, हजर. मी तेव्हा पॅकहाऊसमध्ये पेट्या मोजतोय! साडेसहाला जोडलो तर ते निघून गेलेले. वर निरोप, 'तुम्ही आला नाहीत.' (आपलं घड्याळ वर्षभर जागचं हलत नाही, हे त्यांना कोण सांगणार?)

कॅलेंडरचं निमंत्रण भारतीय वेळेत टाकावं की टोरांटोच्या? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा हाच गोंधळ आहे. तुम्ही कसं सांभाळता? फोनमध्ये तिन्ही शहरांची घड्याळं लावून झालीत, पण पुढच्या महिन्याची वेळ ती सांगत नाहीत.