मदत हवी आहे: क्रेडिट रिपोर्टमध्ये भलत्याचंच कर्ज, आणि तक्रार परस्पर बंद

नमस्कार मंडळी,

गृहकर्जाचा अर्ज स्कोअरवर अडकला म्हणून क्रेडिट रिपोर्ट काढला. त्यात मी कधीच न घेतलेलं एक पर्सनल लोन दिसतंय. नाव आणि जन्मतारीख माझीच, पण पत्ता, मोबाईल अनोळखी आणि पॅनमध्ये एक अक्षर वेगळं. महिन्यांच्या चौकटीत थकलेले दिवस ३०, ६०, ९० असे चढत गेलेत आणि शेवटी 'रिटन ऑफ', म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं. नावसाधर्म्यामुळे कुणाचं तरी कर्ज मला चिकटलंय, दुसरं काय!

हा रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे क्रेडिट ब्युरोकडे, ऑनलाइन डिस्प्यूट टाकला. महिन्याच्या आतच उत्तर आलं, "संबंधित संस्थेने माहिती बरोबर असल्याचे कळवले आहे", आणि तक्रार बंद. ते कर्ज देणाऱ्या बँकेत गेले, तर ते म्हणतात ब्युरोला विचारा.

३० दिवसांत निकाल लागला नाही तर रोज १०० रुपये भरपाई मिळते ना? ती मला लागू होते का? आणि एक एजंट पैसे घेऊन 'स्कोअर क्लीन' करून देतो म्हणतोय. त्यात काही तथ्य आहे का?

प्रतिसाद १

एजंटला आधी कटवा. बँकेने दुजोरा दिल्याशिवाय ब्युरो नोंद बदलत नाही, मग हा कोण लागून गेला? वर तुमचं पॅन, आधार त्याच्या हाती जाईल ते वेगळंच.

खरा जोर बँकेवर लावा, पण काउंटरवर नव्हे. तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या आणि चार गोष्टी मागा: कर्जाचा अर्ज, केवायसीची कागदपत्रं, सहीचा करार आणि रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली. शेवटच्या प्रश्नावर बँकेची खरी पंचाईत होते, कारण ते खाते तुमचं नसणारच. सोबत पॅनची प्रत आणि रिपोर्टचं ते पान जोडा, वेगळ्या अक्षराभोवती गोल करून. पोच घ्या.

प्रतिसाद २

भरपाईबद्दल: रिझर्व्ह बँकेचा हा नियम ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकातला, लागू झाला एप्रिल २०२४ मध्ये. तक्रारीच्या तारखेपासून ३० दिवस मोजायचे. बँकेने २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही तर भुर्दंड बँकेला. तिने वेळेत पाठवूनही ब्युरोने उशीर केला तर ब्युरोला. तुमची तक्रार मात्र मुदतीत फेटाळली गेलीय, त्यामुळे उशिराची भरपाई सरळ मागता येईल असं वाटत नाही. पण तक्रार फेटाळली तर कारण देणं बंधनकारक आहे. 'बँकेने बरोबर म्हटलं' हे माझ्या मते कारण नाही. तेच धरून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, पोर्टलवर फी लागत नाही. सप्टेंबर २०२२ पासून ब्युरोही लोकपालाच्या कक्षेत आहेत. बँकेविरुद्धची तक्रार मात्र आधी बँकेकडे लेखी गेलेली हवी.

आणि सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, या चारही ब्युरोंचे रिपोर्ट बघा. वर्षातून एकदा प्रत्येकाकडून पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

धागाकर्ती

आभार! आणखी दोघांचे रिपोर्ट काढले. एकात ते कर्ज आहे, दुसऱ्यात नाही. ज्यात नाही, तो रिपोर्ट बँकेच्या पत्राला पुरावा म्हणून जोडू का, की त्याने फाटे फुटतील?