टोचन केल्यापासून पिकअपचा टेम्परेचर काटा वर-खाली होतोय, इंजिनचं हेड खोलण्याआधी काय तपासू?

नमस्कार मंडळी,

डिझेल पिकअप आहे, वाई-पुणे भाजीच्या भाड्याला चालते. मागच्या महिन्यात मेव्हण्याची गाडी शिरवळजवळ बंद पडली. रॉड लावून ती टोचन केली आणि खंबाटकी चढवला. तिच्यात खताच्या गोण्या, वर भर दुपार, त्यामुळे घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच. माथ्यावर काटा लालला टेकत होता. न्यूट्रलला चालू ठेवली तसा उतरला.

तेव्हापासून सपाटीलाही काटा मधेच पाऊण भागापर्यंत चढतो आणि मिनिटाभरात झपकन खाली येतो. गाडी रिकामी असली तरी तेच. हीटर लावला तर आणखी गंमत: काटा वर गेला की हीटरमधून गार हवा, खाली आला की गरम. म्हणजे पाणी तिथवर पोचत नाहीये, आत हवा अडकतेय असं मला वाटतं. फॅन क्लचवरही (रेडिएटरचा पंखा गरजेप्रमाणे फिरवणारा भाग) संशय होता, पण तो गेला तर चढावर आणि उभ्या गाडीत तापेल, असा झटक्यात उतरणार नाही.

रेडिएटरच्या जाळीत किडे आणि भुसा बसला होता, तो आतल्या बाजूने पाणी मारून काढला. कॅप नवी टाकली, बेल्ट घट्ट आहे. कुलंट बाटलीतलं हळूहळू कमी होतं, पण खाली थेंब दिसत नाही. पांढरा धूर नाही, ऑइल दुधाळ नाही. अर्थात तेवढ्यावरून हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) ठीक आहे असं म्हणता येत नाही. फक्त सिलिंडरमधून पाण्यात गॅस जात असेल तर ऑइल स्वच्छच राहणार.

मिस्त्री म्हणतो, हेड खोलून फेसिंग करू, म्हणजे घासून सपाट करू. दुसऱ्याने सांगितलं थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून फेक. तो काढला की इंजिन गारच चालणार, डिझेल जास्त पिणार, शिवाय काही इंजिनांत बायपास उघडा राहून पाणी रेडिएटरला वळसाच घालतं. मी तो काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटर लावून तपासणार आहे. त्यावर ८२ छापलंय, तेव्हा उघडायला तिथेच लागला पाहिजे. अडकत-अडकत उघडत असेल तर निम्मं कोडं सुटलं.

आता खरी अडचण. सकाळी, रात्रभर गार झालेल्या गाडीचा वरचा होज दाबला तर टणक लागतो. कॅप नवी आहे, म्हणून प्रेशर धरून राहतं की हा गॅसच आहे? कुणी थंड इंजिनवर कॅप काढून चालू करून बुडबुडे पाहिलेत का, आणि हवा नीट काढल्यावरही ते किती वेळ येत राहिले तर गॅस्केट धरायचं? निळ्या द्रवाची, गॅस लागला की रंग बदलणारी टेस्ट वाई-सातारा भागात कुठल्या गॅरेजमध्ये होते? आणि ब्लीड करताना, म्हणजे अडकलेली हवा काढताना, गाडीचं तोंड चढावर ठेवायचं, हे डिझेल पिकअपला चालतं का?