खलनायक, प्रतिनायक की आणखी काही?

आमचा सांगलीतला हौशी ग्रुप राघोबादादांवर एकांकिका बसवतोय. पत्रकात त्या भूमिकेपुढं 'खलनायक' छापावं का? नट म्हणतो, तसं छापलंत तर मी मिशीला पीळ देऊन खदाखदा हसणार. पण नारायणरावाच्या खुनानंतर रामशास्त्र्यांपुढं हा माणूस प्रायश्चित्त विचारत उभा राहतो, तिथं हसून कसं चालेल? योग्य शब्द सुचवा.

— 'प्रतिनायक' वापरा. नायकाच्या विरुद्ध उभा असलेला, एवढाच अर्थ. त्यात शिवी नाही.

— दादा, शिवी आहे की! धनंजयाच्या 'दशरूपक' या जुन्या नाट्यशास्त्राच्या ग्रंथात प्रतिनायक म्हणजे लोभी, उद्धट, हट्टी, पापी, व्यसनी असा शत्रू. तो शब्द सभ्य वाटतो तो संस्कृत असल्यामुळं. गंमत अशी, की प्रतिनायक म्हटलं की पहिल्यांदा रावण आणि दुर्योधनच आठवतात, आणि त्याच दुर्योधनाला भासानं 'ऊरुभंगा'त मांड्या मोडलेल्या अवस्थेत रंगमंचावर आणलं. लहानगा दुर्जय बापाच्या मांडीवर बसायला येतो आणि बापाला त्याला अडवावं लागतं. तेवढ्या वेळापुरता तो कुणाचाच प्रति-कुणी राहत नाही. माझ्या मते शब्दानं इतकं ओझं वाहावं ही अपेक्षाच चुकीची, ते काम प्रवेशाचं.

— आपल्या गावात हा प्रश्न जुनाच म्हणायचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथं 'सीतास्वयंवर' केलं. त्या काळच्या खेळांत राक्षसपार्टी वेगळी असायची, अललडुर्र अशी आरोळी ठोकत यायची. कोण वाईट हे दुरून कळायचं. मग सांगलीतच जन्मलेल्या खाडिलकरांनी १९०९ मध्ये 'भाऊबंदकी' आणलं. त्यातला राघोबा कुठल्या पार्टीत घालणार? आरोळी ठोकणाऱ्यांत तो बसत नाही.

— 'शोकनायक'?

— नको. समीक्षेत ठीक आहे, पण त्यात कपाळावरचं रक्त पुसलं जातं. राघोबा दुःखी आहे म्हणून निर्दोष होत नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात पोरगा 'काका, मला वाचवा' म्हणत धावला, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, ते उगाच नाही. आणि मराठीनं या माणसाचे दोन्ही हिशेब जपलेत: १७५८ च्या अटकेच्या स्वारीमुळं 'राघोभरारी', खुनामुळं 'ध चा मा'. कुणी एकानं दुसरा खोडला नाही. खलनायक या शब्दात 'नायक' आहे खरा, पण सिनेमानं तो इतका झिजवलाय की कानाला फक्त 'खल' ऐकू येतो. ज्ञानोबांनी बघा, खळ जावोत असं मागितलं नाही, त्यांची व्यंकटी सांडो म्हणाले. माणूस आणि वाकडेपण वेगळं धरलं.

— मग पत्रकात नुसतं 'राघोबादादा' छापतो.

— उत्तम. नटाला मात्र राघोभरारीपासून सुरुवात करायला लावा, नाहीतर पडण्याला उंचीच राहायची नाही.

— आणि आनंदीबाईंपुढं काय छापताय? 'खलनायिका' टाकू नका हं. 'ध चा मा' त्यांनीच केला ही सांगोवांगीची गोष्ट आहे. राघोबादादांना एवढी सवलत देऊन सगळं खापर बाईवर फोडायचं, ही वाट फार मळलेली आहे. तालमीला येऊन बघणार आहे मी.