आधी टाइमझोन बघा

रात्री दोनची वेळ टाकूनही उबंटू सर्व्हरचं ऑटोमॅटिक अपडेट सकाळी साडेअकराला, ऐन बिलिंगच्या गर्दीत चालतं म्हणताय ना, मग सर्व्हर बहुतेक यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर असणार. उबंटूचा अपग्रेडवाला टायमर (ठरल्या वेळी अपडेट सुरू करणारी सेटिंग) मुळात ६:०० ला लावलेला असतो, वर तासाभरापर्यंतचा रँडम डिले, म्हणजे कमीजास्त होणारा उशीर, आणि यूटीसीचे सहा म्हणजे आपल्या पुण्यात ११:३०. आणि तुम्ही टाकलेले ते दोन वाजता ऑटोमॅटिक रीबूटचे आहेत हो, अपडेटचे नाहीत! तेही यूटीसीतच, म्हणजे इथले साडेसात.

टायमर एडिट करा असं तुम्हाला आधी कोणी सांगितलंय ते बरोबर आहे, फक्त आधी 'ऑनकॅलेंडर=' (OnCalendar=, टायमरची वेळ ठरवणारी ओळ) ची एक रिकामी ओळ टाकायची आणि त्याखाली नवीन वेळ, नाहीतर जुनी वेळ तशीच राहते आणि दोन्ही वेळांना चालतं. मग लिस्ट-टायमर्स (systemctl list-timers) ही कमांड मारून पुढची वेळ कोणती दिसते त्याची खात्री करा.

अजून एक भानगड म्हणजे टायमरमधलं पर्सिस्टंट (Persistent), मशीन बंद असताना चुकलेलं काम चालू झाल्यावर उरकणारी सेटिंग. भोसरीतल्या एका वर्कशॉपचा सर्व्हर मी बघतो, गुरुवारी सुट्टी म्हणून ती मंडळी मेन स्विचच पाडून जातात, मग शुक्रवारी मशीन चालू झालं की चुकलेलं अपडेट पहिल्या तासाभरात कधीतरी सुरू, आणि स्टोअरवाला एंट्री मारत असताना डेटाबेस रीस्टार्ट. पर्सिस्टंट फॉल्स केलं की हे थांबतं, पण मग वेळ मशीन नक्की चालू असतानाची द्यायची, जेवणाच्या सुट्टीतली वगैरे, आणि रँडम डिले शून्य. नाहीतर सिक्युरिटी पॅच कधी बसणारच नाहीत.