अडीच-चार वर्षांच्या पोरांना हॅलोविनला दारोदार न्यावं का?

पोर्चवरची_आई
आम्ही वेस्ट फिलाडेल्फियात राहतो, बाल्टिमोर अव्हेन्यूवरून ट्रॉली जाते तिथून दोन गल्ल्या आत. जुनी पोर्चवाली जोडघरं आहेत, भिंतीला भिंत लागलेली, शेजारी जिना उतरला तरी आपल्याला ऐकू येतं. मुलगा ४ वर्षांचा, मुलगी अडीचची. गेल्या वर्षी पहिल्यांदा दोघांना घेऊन ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनला, मुलं वेश करून घरोघरी कँडी मागतात तसं ब्लॉकवर, म्हणजे आमच्या गल्लीत, फिरलो आणि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले तर दोन दिवस वाद चालला, की भुताखेतांचे मुखवटे कसले घालता, लहान पोरांच्या मनावर काय परिणाम होतो, आणि लोकांच्या दारात जाऊन मागायची सवय कशाला लावता.

मला मनापासून वाटतं की न्यावं. ह्या गल्लीत राहायला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती आणि मला नावानिशी फक्त तीन घरं माहीत होती. त्या एका संध्याकाळी दीड तासात सतरा दारं वाजवली. अमेरिकेत एरवी कुणाचं दार असं सहज वाजवता येत नाही, आधी मेसेज करावा लागतो, वेळ ठरवावी लागते. त्या दिवशी पोर्चचा दिवा लागलेला असला की या, विझलेला असला की पुढे जा, एवढाच नियम, आणि तो सगळे पाळतात. माझा मुलगा बाहेर कुणाशी बोलायचा नाही, आईच्या मागे लपायचा. पहिल्या चार घरांत गप्प राहिला, पाचव्या घरी स्वतः "थँक यू" म्हणाला आणि मग पुढच्या घराच्या पायऱ्या माझा हात सोडून चढला. आता शाळेत जाताना त्याला माहीत असतं की हे कुत्रावाल्या आजोबांचं घर, ह्यांनी मला पेन्सिल दिली होती.

तुमचं काय मत? विरोधातलंही लिहा, मला खरंच ऐकायचंय.

सांजवात
मी विरोधात, आणि कारण संस्कृती वगैरे नाही. आम्ही जर्सी सिटीला राहतो, असाच घट्ट शेजार आहे, सगळी माणसं चांगली आहेत. मुलगी तीन वर्षांची असताना परीचे पंख लावून नेली. एका घरी पायऱ्यांशेजारी सेन्सरवाला सांगाडा होता, आपण जवळ गेलो की डोळे लाल होतात आणि तो किंचाळत पुढे झेपावतो. ती ओरडली नाही, नुसती ताठ झाली आणि तिने चड्डी ओली केली. त्या घरावरूनच डेकेअरचा रस्ता जातो, तर जवळजवळ महिनाभर, थँक्सगिव्हिंगला त्यांनी ते काढेपर्यंत, आम्ही उलट्या बाजूने वळसा घालून जायचो. रात्री दिवा विझवू द्यायची नाही. तीन वर्षांच्या मुलाला खरं आणि खोटं ह्यातला फरक सांगून कळत नाही, तुम्ही कितीही समजावा की आत बॅटरी आहे. मोठ्यांच्या हौसेसाठी आपण त्यांना भीतीच्या तोंडी देतो असं मला वाटतं. सात-आठ वर्षांचं झाल्यावर स्वतः मागितलं तर न्या की.

खडीसाखर
@सांजवात वाचून फार वाईट वाटलं. पण मग दोष त्या सांगाड्याचा ना, फिरण्याचा कशाला? आम्ही आधी तीन-चार दिवस भरदुपारी स्ट्रोलरमधून ब्लॉकवर चक्कर मारतो, कुठे काय लावलंय ते बघतो, मुलाला हात लावू देतो, कोळी कापसाचा आहे, हाडं प्लास्टिकची आहेत. ज्या घरी जास्त भयंकर असेल तिथे जायचंच नाही. घरी मुखवटा त्याच्यासमोर मी घालते, काढते, मग तो घालतो आणि मला घाबरवतो, तो खेळ शंभरदा झाला की त्याची भीती जाते.

आणि भीती आपल्याकडे नव्हती का? माझं आजोळ चिपळूणकडचं, शिमग्यात संकासूर यायचा, काळे कपडे, उंच टोपी, पांढरी दाढी, आम्ही किंचाळत माजघरात पळायचो आणि परत दारात येऊन बघायचो.

सांजवात
माजघरात आजी होती, आणि संकासुराच्या मागे अख्खं गाव होतं, आत कोण आहे तेही मोठ्यांना माहीत असायचं. इथे मी परक्याच्या पायऱ्यांवर एकटी उभी होते कडेवर मूल घेऊन. तुलना पटली नाही.

मुळामुठा
अमेरिकेत राहणाऱ्यांनी काय करावं तो त्यांचा प्रश्न, पण इथे काय चाललंय ते लिहितो. पुण्यात वाकडला आमच्या सोसायटीत दर घरी ५०० रुपये काढून हॅलोविन होतो. नर्सरीतल्या पोराच्या डायरीत चिठ्ठी येते की अमुक तारखेला स्पूकी कॉस्च्युम. हजार रुपयांचा नायलॉनचा झगा एकदा घालायचा आणि टाकून द्यायचा. त्याच महिन्यात कधी दिवाळी असते, कधी तोंडावर आलेली असते. पाटावर हत्ती मांडून भोंडला करायला मात्र जागा नाही, वेळ नाही, गाणी कुणाला येत नाहीत. आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी किल्ला करायला माती आणली तर पार्किंगमध्ये घाण होते म्हणून तक्रार झाली. तुमचे फोटो बघूनच इकडच्या आयांना हौस येते, हे पण लक्षात घ्या.

पोर्चवरची_आई
@मुळामुठा, किल्ल्याबद्दल वाचून मलाही राग आला, आणि तुमच्या सोसायटीबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे. वर्गणी काढून हॉलमध्ये डीजे लावून जे होतं त्यात शेजारपण कुठे आहे? पण मी जिथे राहते तिथे हा सण बाहेरून आणलेला नाही, तो ह्या गल्लीचा आहे. आणि दारोदार जाणं आपल्याला परकं कधीपासून झालं? मी अकोल्याची. भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई बसायची ती कोजागिरीपर्यंत, आम्ही पोरी रोज संध्याकाळी एका घरून दुसऱ्या घरी जाऊन गाणी म्हणायचो आणि मग त्या घरची काकू खाऊचा डबा वाजवून विचारायची, ओळखा काय आहे. त्याला कुणी मागणं म्हणालं नाही कधी. मला माझ्या गल्लीतली सगळी घरं त्या डब्यांच्या आवाजावरून माहीत होती. माझ्या पोरांना इथे भुलाबाई कोण देणार? इथे जे आहे त्यातूनच त्यांना त्यांची गल्ली कळणार.

दिवाळीचं म्हणाल तर २०२४ साली लक्ष्मीपूजन इथे नेमकं ३१ ऑक्टोबरला आलं. आम्ही पोर्चच्या पायऱ्यांवर भोपळ्याशेजारी पणत्या लावल्या, रांगोळी काढली. दारात येणारी प्रत्येक आई विचारायची हे काय आहे. एरवी दिवाळी आम्ही दार लावून आत साजरी करायचो, त्या वर्षी पहिल्यांदा आख्ख्या ब्लॉकने बघितली.

डब्लिनकर
मी आयर्लंडमधून लिहितोय, जिथून हे मूळ निघालं. इथे त्याला साउन म्हणायचे, सुगी संपून हिवाळा लागायची रात्र, गेलेली माणसं त्या रात्री घराकडे येतात असा समज. पुढे चर्चने १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस आणि २ ला मृतांचा दिवस धरला. भोपळा तर अमेरिकेत गेल्यावर आला, इथे सलगम कोरायचे. मेयो परगण्यातल्या राष्ट्रीय संग्रहालयात तशा एका जुन्या सलगमच्या चेहऱ्याची प्लास्टरची प्रतिकृती ठेवलीय, भोपळ्यापेक्षा कितीतरी भेसूर दिसते. आपल्याकडे सर्वपित्रीला पान वाढून कावळ्याची वाट बघतात, त्यामुळे मला तरी ही कल्पना समजायला काही जड गेली नाही. गोव्यात आणि वसईत आपलेच मराठी-कोकणी बोलणारे ख्रिस्ती लोक २ नोव्हेंबरला थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. त्यात वाईट काय आहे? माझी हरकत फक्त विकतच्या प्लास्टिकला. इथे घराघरात बार्मब्रॅक नावाचा मनुकांचा पाव आणतात, त्यात अंगठी लपवलेली असते, मुलं तेवढ्यावर खूश असतात.

रात्रपाळी
मी लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सीत काम करते. लोक कँडीत कुणी विष घालेल, ब्लेड घालेल म्हणून घाबरतात, पण अनोळखी माणसाने वाटलेल्या कँडीतल्या विषाने मूल दगावल्याची एकही सिद्ध झालेली घटना नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये जे मूल गेलं त्याला विष त्याच्या बापानेच दिलं होतं, विम्याच्या पैशासाठी. खरी भीती गाडीची आहे. १९७५ ते २०१६ अशा ४२ वर्षांच्या अमेरिकेतल्या अपघातांचा अभ्यास झालाय, त्यात हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांचे मृत्यू आसपासच्या दिवसांपेक्षा ४३ टक्के जास्त निघाले, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये वाढ सगळ्यात जास्त. दोन बाजूंना पार्क केलेल्या गाड्या, मधून काळ्या कपड्यातलं तीन फुटी मूल पळत येतं, ड्रायव्हरला दिसतच नाही.

म्हणून माझं म्हणणं, लहानांना न्यायचंच तर उजेडात न्या. २००७ पासून, उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्यामुळे ३१ तारखेला फिलाडेल्फियात सूर्य साधारण सहाला मावळतो. पाचला निघा, साडेसहाला घरात. मुखवटा नको, दिसत नाही त्यातून, चेहरा रंगवा. झगा घोट्याच्या वर. आणि चार वर्षांच्या आतल्या मुलाला कडक गोळी, शेंगदाणे, चिकट कॅरॅमल देऊ नका, घशात अडकतं. ते तुम्हीच काढून घ्या, रडलं तरी.

खडीसाखर
शाकाहारी असाल तर एक भर घालते, गमी बेअर्स, मार्शमेलो, अगदी कँडी कॉर्नमध्येही जिलेटिन असतं. आम्ही घरी आल्यावर ते वेगळं काढून मुलाला बदल्यात दुसरं देतो, तो आनंदाने देतो.

तिसरा_मजला
सगळे गोड गोड लिहिताय म्हणून कडू लिहितो. आमच्याही ब्लॉकवर खूप छान शेजार होता हो. आता त्याचं नाव झालंय, बाहेरून गाड्या भरभरून लोक येतात, आमच्याकडे मागच्या वर्षी दोन तासांत तीनशे कँड्या संपल्या, आणि त्यात आमच्या ब्लॉकची मुलं वीससुद्धा नव्हती. मोठी मिसरूड फुटलेली पोरं कॉस्च्युम न घालता पिशवी पुढे करतात. माझी चिमुरडी त्या गर्दीत चेंगरली. ह्याला शेजारपण कसं म्हणायचं? त्यापेक्षा शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या उघडून कँडी वाटतात ते बरं, ओळखीचीच मुलं, गाड्या थांबलेल्या, एका तासात आटपतं.

पोर्चवरची_आई
गर्दीचं दुःख समजू शकते, पण ह्या बाबतीत मी अगदी ठाम आहे. आमच्याकडेही बाहेरून मुलं येतात, बरीचशी अशा इमारतींतून जिथे खाली कुलूपबंद दार आहे आणि कुणी कुणाकडे जात नाही, किंवा अशा रस्त्यांवरून जिथे आई संध्याकाळी मुलाला चालत न्यायला घाबरते. ती चार ब्लॉक चालून येतात कारण आमचे दिवे लागलेले असतात. त्यांना मी काय विचारू, तुमचा पत्ता काय? आणि ती मिसरूडवाली पोरं, त्यातलं एक आमच्या मागच्या गल्लीतलं आहे, त्याने पाच वर्षांच्या बहिणीचा हात धरला होता आणि स्वतःसाठी मागायला लाजत होता. मी दोन मुठी दिल्या.

ह्याच शहरात १९५० साली मुलांनी कँडीबरोबर युनिसेफसाठी नाणी गोळा करायला सुरुवात केली, दुधाच्या रिकाम्या खोक्यांतून, दुसऱ्या देशांतल्या मुलांसाठी. म्हणजे ह्या दिवसाचं देणं आपल्या ब्लॉकपुरतं कधी नव्हतंच. तीनशे कँड्यांचा खर्च आम्ही आठ घरांत वाटून घेतो, मोठं घाऊक पोतं आणतो. एकट्याच्या खिशावर येत असेल तर शेजाऱ्यांना बोला, लोक देतात.

तिसरा_मजला
खर्च वाटून घ्यायचं डोक्यात नव्हतं आलं, विचारतो. चेंगराचेंगरीचं मात्र तुम्ही उत्तर दिलं नाहीत.

पोर्चवरची_आई
बरोबर, राहिलंच. आमच्या ब्लॉक कॅप्टन बाईंनी, म्हणजे गल्लीची कामं बघणाऱ्या शेजारणीने, दोन वर्षांपूर्वी सुचवलं की गर्दी वाढल्यावर कँडी दारात उभं राहून द्यायची नाही, खाली फुटपाथला टेबल लावून बसायचं. मुलांना पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, रांग आपोआप लागते. स्ट्रोलरवाल्यांना आणि व्हीलचेअरवरच्या एका मुलीला पण सोपं पडलं, तिच्या आईने आम्हाला सांगितलं की तिला पहिल्यांदाच सगळ्या घरी जाता आलं. रस्ता बंद करायचा तर शहराची परवानगी लागते, बहुतेक घरांच्या सह्या लागतात, त्या ह्या वर्षी गोळा करतोय. आणि एका टेबलावर निळसर हिरवा भोपळा असतो, तिथे खायचं काही नसतं, स्टिकर, रबरबँड, छोट्या वह्या, ज्या मुलांना शेंगदाण्याची वगैरे ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी. मी भाबडेपणाने पहिल्या वर्षी चिक्की ठेवली होती, एका आईने हळूच बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हापासून ते टेबल माझ्याकडे आहे.

सांजवात
टेबलाची गोष्ट आवडली. माझी मुलगी आता पाचची आहे, अजून तिला दारोदार जायचं नाही आणि मी नेणारही नाही. पण खाली टेबलापाशी माझ्याशेजारी बसून दुसऱ्यांना देईल कदाचित, द्यायला तिला आवडतं. फक्त तो सांगाडा समोरच्याच घरी आहे अजून.

पोर्चवरची_आई
त्या घरच्यांना सांगितलंय का कधी, तुमच्या मुलीचं काय झालं ते?

सांजवात
नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून नाही बोलले.

पोर्चवरची_आई
बोला. आमच्या इथे कोपऱ्यावरच्या घरी धुराचं मशीन आणि आवाज करणारी कवटी आहे, मी घाबरत घाबरत विचारलं तर ते म्हणाले आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही, आणि आता ते सगळं सातनंतर सुरू करतात, लहान मुलं घरी गेली की. आधी तासभर त्या घरचे आजोबा खुर्ची टाकून बाहेर बसतात, प्लग काढलेला हातात धरून, म्हणजे मुलांना दिसावं की बंद आहे.

सांजवात
हा आठवडा संपायच्या आत जाऊन येते.