मदत हवी आहे: पैसे आल्याचं आईला साध्या फोनवर कसं कळेल?

नमस्कार. आम्ही पेडण्याचे. माझी आई गेली तीस वर्षं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलची मिरची आणि आमसुलं विकते. हल्ली पाव किलो मिरची घेणाराही सुट्टे काढत नाही, सरळ मोबाइल पुढे करतो. म्हणून माझ्या खात्याचा क्यूआर कोड पुठ्ठ्यावर चिकटवून दिला. पण मेसेज येतो माझ्या फोनवर, मी असतो पणजीला कामावर, आणि आईकडे बटणांचा फोन. गेल्या शुक्रवारी एकाने स्क्रीनवरची हिरवी खूण दाखवून 400 रुपयांची मिरची नेली. पैसे आलेच नाहीत. रात्री ती पदराच्या गाठीतल्या नोटा पुन्हा पुन्हा मोजत होती, मला बघवेना.

साध्या फोनवरून इंटरनेटशिवाय पैसे पाठवायला 2022 पासून यूपीआय 123पे ही सोय आहे, पण आईला पैसे पाठवायचे नाहीत, आलेले कळायला हवेत. साउंडबॉक्स, म्हणजे पैसे आले की रक्कम मोठ्याने सांगणारा दुकानातला तो छोटा स्पीकर, थेट तिच्या खात्याला जोडता येतो का? स्मार्टफोन नसताना कुणी नोंदणी करून घेतली आहे का? महिन्याचं भाडं किती पडतं? तो मराठीत किंवा कोकणीत बोलतो का? बाजाराच्या गलक्यात ऐकू येतो का? येत्या शुक्रवारच्या आत कळलं तर फार बरं होईल.